मल्लवीर खाशाबा जाधव

सुगी संपून शेते रिकामी झाली, की महाराष्ट्रात गावोगावी यात्रांचे दिवस येतात. सकाळी देवाची पालखी निघते आणि दुपार कलली, की सारा गाव कुस्त्यांच्या मैदानाकडे वळतो. पुणे-नगर रस्त्यावरील सुप्यासारख्या बाजारपेठेच्या गावापासून सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या वाडीपर्यंत कुस्तीची ही ओढ सारखीच आढळते. नगर जिल्ह्यात कुस्त्यांच्या या मेळ्याला हगामा असे म्हणतात. हलगी कडाडू लागते. प्रथम लहान मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्या होतात आणि मग चढत्या क्रमाने मोठ्या जोडी मैदानात उतरतात. ज्याने प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला टेकवली, त्याला फेटा बांधतात, इनाम देतात, खांद्यावर घेऊन नाचतात. त्या दिवशी त्याचे नाव सर्वांच्या तोंडी असते. पुढील वर्षीची यात्रा येईपर्यंत मात्र त्यांतील पुष्कळशी नावे लोक विसरून गेलेले असतात.

अशाच मातीतून एक ठेंगणा, सडपातळ मुलगा वर आला आणि त्याने स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा पराक्रम समजण्यासाठी परदेशांतील कुस्तीचीही थोडी ओळख करून घ्यावयास हवी. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यात कुस्तीचा एक प्रकार फार पूर्वीपासून रूढ होता. जेथे पकड मिळेल तेथे प्रतिस्पर्ध्याला पकडावे, मग तो पाय असो वा कंबर, अशी त्या कुस्तीची मोकळी रीत होती. म्हणून तिला ‘कॅच’ असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेतील नाट्यगृहांत व मोठ्या सभागृहांत तिकिटे लावून या कुस्त्या होऊ लागल्या आणि पैशासाठी लढणाऱ्या धंदेवाईक मल्लांचा एक वर्गच तयार झाला. 1910 साली थोर मल्ल गामा, त्यांचे बंधू इमामबक्ष आणि आणखी काही हिंदी पैलवान लंडनला गेले, ते याच मल्लांशी झुंजण्यासाठी. गामांनी तेथे अमेरिकेच्या रोलरला हरवले. पोलंडचा अवाढव्य झिबिस्को तर अडीच तासांहून अधिक काळ मातब्बर गामांपुढे जमिनीला चिकटून राहिला आणि त्याने कशीबशी बरोबरी साधली. इमामबक्षांनी स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीत केले. गामांची कीर्ती अजरामर झाली, परंतु त्यांच्याबरोबर गेलेल्या अहमदबक्ष, गामू या मल्लांची नावे आज फारशी कोणाला आठवत नाहीत.

हीच मोकळी कुस्ती ऑलिंपिक स्पर्धांतही आली. 1904 व 1908 या वर्षी ती ‘कॅच’ या नावानेच खेळली गेली. पुढे ती ‘फ्रीस्टाइल’ म्हणजे मुक्त शैलीची कुस्ती म्हणून ओळखली जाऊ लागली. 1920 साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. सर दोराबजी टाटा यांच्या प्रयत्नाने हिंदुस्थानचा एक लहानसा संघ तेथे गेला. त्यात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे तर तिसऱ्या क्रमांकाच्या कुस्तीपर्यंत पोहोचले. ती कुस्ती त्यांनी जिंकली असती, तर पदक त्यांच्या गळ्यात पडले असते. ती ते हरले, चौथे आले आणि काळाच्या ओघात त्यांचे नावही मागे पडले. जे काम त्यांच्या हातून थोडक्यात राहिले, ते पुरे व्हावयास आणखी बत्तीस वर्षे जावी लागली.

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. या गावी 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबाचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे शेतकरी, आणि कुस्तीचे मोठे जाणकार. पाच भावंडांत खाशाबा सर्वांत धाकटा. घरात कुस्तीचेच वातावरण असल्यामुळे अंगाला माती लागणे हा त्या मुलाच्या दृष्टीने नित्याचा भाग होता. पाटी हाती येण्यापूर्वीच तो तालमीच्या हौदाशी परिचित झाला असावा. वडील त्याला पहाटे उठवीत, जोर-बैठका काढावयास लावीत आणि एकेक डाव समजावून देत.

खाशाबाची शरीरयष्टी पैलवानाला साजेशी नव्हती. उंची बेताची, अंग सडपातळ. अनोळखी माणसाने त्याला पाहिले, तर हा मुलगा कुस्ती खेळतो यावर त्याचा विश्वास बसला नसता. परंतु त्याच्या अंगी विलक्षण चपळाई होती. प्रतिस्पर्धी पवित्रा घेतो न घेतो, तोच खाशाबा त्याच्या बगलेत शिरलेला असे. ढाक हा त्याचा विशेष आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याची मान व हात काखेत घट्ट धरावयाचे आणि कमरेच्या एका झटक्यासरशी त्याला उचलून पाठीवर आपटावयाचे, हा डाव त्याने असा घोटला होता, की त्याच्याहून वजनदार मल्लही त्यात सापडत. बळापेक्षा वेळ साधणे अधिक महत्त्वाचे, हे तो लहानपणीच शिकला.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात खाशाबाचे माध्यमिक शिक्षण झाले. ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. 1942 साली ‘छोडो भारत’चा लढा पेटला आणि सातारा जिल्हा त्यात अग्रभागी होता. अनेक कार्यकर्ते भूमिगत होऊन रानावनांत, वाड्यावस्त्यांवर फिरत होते. शाळकरी खाशाबानेही भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचविणे अशी कामे केली. पकडले गेले तर तुरुंग ठरलेला, हे ठाऊक असूनही तो डगमगला नाही. 1947 साली देश स्वतंत्र झाला. आपल्या देशाचा तिरंगा जगाच्या क्रीडांगणावर फडकावा, ही आकांक्षा त्या वेळी या तरुणाच्या मनात घर करून बसली.

पुढील शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरला गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे गल्लोगल्ली तालमींना आश्रय दिला होता आणि 1912 साली खासबागेचे भव्य मैदान उभे केले होते. मध्यभागी हौद आणि सभोवार चढत जाणारी बैठक, अशी त्याची रचना असल्यामुळे हजारो प्रेक्षकांना कोठेही बसून कुस्ती दिसे. या नगरीत खाशाबांना बाबुराव बलवडे व बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले.

राजाराम महाविद्यालयात शिकत असतानाचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा होत्या. खाशाबांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव कुस्तीसाठी घेण्याचे नाकारले. दुसरा एखादा खट्टू होऊन परत गेला असता. खाशाबा सरळ प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी खेळण्याची परवानगी मिळविली. त्यानंतर स्पर्धेत उतरून त्यांनी आपल्याहून धिप्पाड मुलांना लोळविले, तेव्हा या मुलाचे पाणी काही निराळेच आहे, हे सर्वांच्या लक्षात आले.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच तेथे जात होता आणि त्यात खाशाबांची निवड झाली होती. त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. परंतु लंडनला एक नवीच अडचण उभी राहिली. आजवर खाशाबा लाल मातीत लढले होते. मातीत पाय रुततो, त्यामुळे आधार मिळतो. तेथे मात्र गादीवर, पायांत बूट घालून लढावयाचे होते. मातीतील कुस्तीला वेळेचे बंधन नसे, आणि प्रतिस्पर्धी चीत झाला म्हणजेच कुस्ती निकाली होई. गादीवरील कुस्ती ठराविक मिनिटांत संपे, आणि कोणी चीत झाला नाही, तर पंच आपापल्या मताने विजयी मल्ल ठरवीत. हे नियम समजावून देणारा कोणीतरी हवा होता. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी स्पर्धेपूर्वी खाशाबांना गादीवरील कुस्तीचे धडे दिले.

बावन्न किलो वजनगटात खाशाबा उतरले. त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला अल्पावधीतच नामोहरम केले, अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरविले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना पराभूत केले आणि खाशाबांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. गादीवर नवखा असलेल्या मल्लाच्या दृष्टीने हे यश लहान नव्हते. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. आपण कोठे कमी पडलो, हे त्यांनी नीट ध्यानात घेतले आणि परत येताच पुढील चार वर्षांची तयारी सुरू केली. व्यायाम वाढविला, नव्या नियमांना साजेसे डाव बसविले, आणि अधिक वजनाच्या गटात लढण्याची तयारी ठेवली.

1952 च्या स्पर्धा फिनलंड देशातील हेलसिंकी येथे व्हावयाच्या होत्या. त्यांच्या निवडीसाठी मद्रास येथे झालेल्या स्पर्धेत खाशाबांना एक गुण कमी देण्यात आला आणि त्यांचे नाव मागे पडले. हा आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांना वाटले. परंतु नुसती तक्रार करून ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे मर्म जाणणारे होते. त्यांनी पुन्हा संधी देण्याची व्यवस्था केली. खाशाबांनी त्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याला चीत करून वादाला जागाच ठेवली नाही.

निवड झाली खरी, पण आता दुसराच डोंगर समोर उभा राहिला. हेलसिंकीला जाण्याचा खर्च कोठून आणावयाचा? मल्लांना स्वतःच पैसे जमवावयाचे होते. खाशाबांनी अनेकांचे उंबरठे झिजविले. सरकारकडे मागितलेली मदत वेळेवर हाती येईना. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी दिली. कोणी दोन रुपये दिले, कोणी पाच. कष्टकऱ्यांच्या गाठीचे ते पैसे होते, पण त्यांनी खर्च भागण्यासारखा नव्हता. जाण्याचे दिवस जवळ येऊ लागले.

अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. त्या काळी सात हजार रुपये ही फार मोठी रक्कम होती. विद्यार्थी पदक आणील याची कोणी हमी दिली नव्हती. तो हरून परत आला असता, तर घर सोडविण्याचा भार त्या शिक्षकाच्याच शिरावर पडणार होता. तरीही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. खाशाबा हेलसिंकीला निघाले, तेव्हा देशाच्या मानाबरोबरच गुरूच्या घराचीही चिंता त्यांच्या मनात असली पाहिजे.

हेलसिंकीला सत्तावन्न किलो वजनगटात निरनिराळ्या देशांचे मल्ल जमले होते. पहिल्या फेरीत कॅनडाच्या एड्रियन पॉलिक्विनशी गाठ पडली. कुस्ती पंधरा मिनिटांची होती. ती संपावयास जेमतेम अर्धे मिनिट उरले असताना खाशाबांनी त्याला चीत केले. दुसऱ्या फेरीतील मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो तर सहा मिनिटेही टिकला नाही. त्यानंतर जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झने कडवी झुंज दिली, पण पंचांचा कौल खाशाबांच्या बाजूने पडला. भारताचा हा लहानखुरा मल्ल आता शेवटच्या मोजक्या मल्लांत येऊन पोहोचला होता.

पुढील कुस्ती जपानच्या शोहाची इशीशी झाली. इशी हा ज्यूडोच्या अभ्यासातून तयार झालेला, अत्यंत सावध मल्ल होता. पंधरा मिनिटे दोघे एकमेकांना दाद देईनात. शेवटी कोणीच चीत झाले नाही आणि पंचांनी इशीला विजयी ठरविले. खाशाबा घामाने निथळत होते. अंगात त्राण उरले नव्हते. तोच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्यासाठी त्यांना पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी, असा नियम होता, असे खाशाबांचे म्हणणे होते. परंतु ते पंचांपुढे मांडण्यासाठी भारतीय संघाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकट्या मल्लाने वाद तरी कसा घालावयाचा? थकलेल्या अंगाने खाशाबा गादीवर उभे राहिले आणि ती कुस्ती हरले.

इशीला सुवर्णपदक मिळाले, मम्मदबेयोव्हला रौप्य, आणि सर्व कुस्त्यांच्या हिशेबात खाशाबा तिसरे आले. 23 जुलै 1952 रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले आणि हेलसिंकीच्या सभागृहात तिरंगा वर चढला. याच स्पर्धेत बासष्ट किलो गटात कोल्हापूरचे केशव मंगावे चौथे आले. त्यांचेही पदक एका पायरीने हुकले. रणधीर शिंद्यांप्रमाणे तेही लोकांच्या स्मरणातून मागे पडले. पहिल्या तिघांत न आलेल्यांचे श्रम कमी असतात असे नाही, परंतु लोकांची स्मृती पदकापाशीच थांबते.

खाशाबा परत आले, तेव्हा कऱ्हाडच्या स्थानकावर माणसांचा महासागर लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या शृंगारून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ढोल-लेझीम, हलगी, गुलाल यांनी सारा रस्ता दुमदुमून व रंगून गेला. कऱ्हाड ते गोळेश्वर हे एरवी थोड्या वेळाचे अंतर, पण त्या दिवशी ते कापावयास कित्येक तास लागले. ज्यांनी दोन-पाच रुपये दिले होते, त्या प्रत्येकाला ते पदक आपलेच वाटत होते.

हारतुऱ्यांत खाशाबा गुरूच्या घराला विसरले नाहीत. त्यांनी लवकरच कोल्हापूरला कुस्त्यांचे मैदान भरविले आणि स्वतः त्यात उतरून कुस्त्या जिंकल्या. त्यातून जे उत्पन्न झाले, ते त्यांनी प्राचार्य खर्डेकरांच्या हवाली केले आणि त्यांचे गहाण पडलेले घर सोडविले. पदक जिंकणे ही बळाची आणि कौशल्याची गोष्ट होती. ऋण फेडण्यासाठी पुन्हा हौदात उतरणे ही कृतज्ञतेची गोष्ट होती. खाशाबांच्या ठायी दोन्ही गुण होते, म्हणून त्यांचे मोठेपण वाढले.

1955 साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पुढील ऑलिंपिकला जाण्याची उमेद होती, परंतु गुडघ्याच्या दुखापतीने ती पुरी होऊ दिली नाही. नोकरी सांभाळून त्यांनी तरुण पोलिसांना खेळांचे शिक्षण दिले. साहाय्यक पोलीस आयुक्त या पदापर्यंत चढून ते सेवानिवृत्त झाले. त्यांचे उत्तरायुष्य मात्र सुखाचे गेले नाही. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि ज्या देशासाठी त्यांनी पदक आणले, त्याचेही त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी क्रीडाज्योत वाहून नेण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 14 ऑगस्ट 1984 रोजी, रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळावयास 1996 साल उजाडले. त्या वर्षी टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक जिंकले. मधली चव्वेचाळीस वर्षे खाशाबांचे पदक एकटेच होते. तेव्हा कोठे लोकांना त्यांच्या कामगिरीचे खरे मोल उमगले. केंद्र सरकारने त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार दिला. 2010 साली दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा कुस्तीसाठी बांधलेल्या नव्या क्रीडागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव पाहावयास ते स्वतः नव्हते.

गौरव उशिरा झाला, म्हणून कर्तृत्व उणे ठरत नाही. खाशाबांपाशी धिप्पाड देह नव्हता, धन नव्हते, वशिला नव्हता. चपळ अंग, अन्यायापुढे न वाकणारे मन आणि पाठीशी उभा राहिलेला एक गुरू एवढ्या भांडवलावर त्यांनी गोळेश्वरच्या मातीचा टिळा जगाच्या क्रीडांगणावर लावला. यात्रेच्या मैदानात आजही पोरे रेवड्यांसाठी झुंजतात, सलामी देऊन मूठभर माती अंगाला लावतात. खाशाबाही कधीकाळी याच मातीत असेच उतरले होते.